फासा, मोजदाद आणि माघार

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आपण सर्वांनी लहानपणी कथारूपाने ऐकलेले असते. नळराजा पुष्कराशी द्यूत खेळतो, राज्य हरतो आणि दमयंतीसह अरण्यात जातो. पुढे दैवाच्या फेऱ्यात तो बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. रथ विदर्भाकडे धावत असताना ऋतुपर्ण वाटेतल्या एका बेहड्याच्या झाडाकडे नुसती नजर टाकतो आणि त्याची पाने व फळे किती, ते सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून, झाड पाडून फळे मोजतो, तो संख्या बरोबर! तेव्हा ऋतुपर्ण त्याला 'अक्षहृदय' म्हणजे फाशांचे मर्म शिकवतो आणि त्या बदल्यात नळाकडून अश्वविद्या घेतो. या विद्येच्या बळावर नळ एकाच डावात आपले राज्य परत जिंकतो.

या कथेत एक गोष्ट मोठी लक्षणीय आहे. फासा हा दैवाचा मानला जातो. पण फाशांचे मर्म ज्याला कळले तो राजा मोजणारा आहे. बेहड्याच्या फळांचेच फासे त्या काळी वापरीत, हे ध्यानात घेतले म्हणजे झाडाचा प्रसंग किती अर्थपूर्ण आहे ते कळते. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता अगदी निराळा, म्हणजे संगणकावरील एक अद्भुतरम्य खेळ व तो सर्वांत कठीण पातळीवर जिंकण्याची रीत, असा आहे. वार्षिक अंकात असला विषय पाहून काही प्राध्यापकांच्या कपाळावर आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. मात्र हा खेळही फाशांचाच आहे, आणि त्याचे मर्म शोधता शोधता मी पुन्हा नळ-दमयंतीपाशीच येऊन पोहोचले, म्हणून हा लेखनप्रपंच.

खेळाची कुळकथा

या खेळाचे मूळ युद्धाच्या अभ्यासात आहे. प्रशियात १८२४ च्या सुमारास राइसविट्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सैन्यातील अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशा, ठोकळे आणि फासे यांचा एक युद्धखेळ तयार केला. रणांगणात जे अनिश्चित असते ते फाशाने ठरवायचे, ही त्यातील कल्पना. दीडशे वर्षांनी, १९७४ साली, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. यात सैन्याच्या जागी एकेक व्यक्ती आली. खेळणाऱ्याने योद्धा, मांत्रिक, चोर, धर्मोपदेशक अशी एखादी भूमिका घ्यायची आणि चार-पाच जणांनी मिळून राक्षस, भुयारे, शापित नगरे यांतून वाट काढायची. आपल्या दशावतारात ज्याप्रमाणे पात्रे ठरलेली असतात व संवाद आयत्या वेळी रचले जातात, तसाच काहीसा हा प्रकार. फरक इतकाच, की येथे घाव बसला की हुकला हे वीस बाजूंचा फासा सांगतो.

पुढे हा खेळ संगणकावर आला. १९८० च्या 'रोग' या खेळात पात्र मेले की सारे पहिल्यापासून सुरू करावे लागे. १९९८ साली 'बाल्डर्स गेट' आला आणि त्याचा तिसरा भाग बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओज या संस्थेने ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. आपल्याकडेही या क्षेत्रात प्रयत्न झाले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली 'राजी' हा पौराणिक वातावरणाचा खेळ काढला. त्यात एक मुलगी आपल्या भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघते. पण 'राजी'मध्ये महत्त्व आहे ते बोटांच्या चपळाईला. मला अभ्यास करायचा होता तो फाशांचा, म्हणून 'बाल्डर्स गेट'चा तिसरा भाग मी निवडला. खरे सांगायचे तर तो माझ्या धाकट्या भावाने निवडला. मी शेजारी वही घेऊन बसत असे.

'कठीण' म्हणजे काय?

कोणताही खेळ दोन रीतींनी कठीण करता येतो. पहिली रीत आकड्यांची. सोप्या पातळीवर शंभर घाव सोसणारा शत्रू कठीण पातळीवर एकशेतीस सोसतो. या खेळात वरच्या पातळीवर शत्रूंची प्राणशक्ती ३० टक्क्यांनी वाढते आणि त्यांच्या प्रत्येक घावाच्या फाशात दोनची भर पडते. मुक्कामाच्या पूर्ण विश्रांतीला एरवी ४० शिधा लागतो, तेथे ८० लागतो. आकड्यांची ही वाढ त्रासदायक असली तरी तिच्यावर उपाय सापडतो.

दुसरी रीत नियमांची. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस या खेळात 'ऑनर मोड' नावाची सर्वांत कठीण पातळी आली. आपण तिला 'मानाची पातळी' म्हणू. एरवी संगणकावरील खेळात लढाईपूर्वीची स्थिती जतन करून ठेवता येते. हरलो तर तेथूनच पुन्हा सुरुवात. मानाच्या पातळीवर एकच नोंद असते आणि खेळ ती आपणहून पुसून नवी लिहीत राहतो. चौघे साथीदार एका लढाईत मेले, की तो मान संपला. पुढे खेळता येते, पण मानाविना. शिवाय मोठ्या शत्रूंना आपली पाळी नसतानाही मध्येच घाव घालण्याची मुभा असते. एवढे सारे पार करून शेवटास गेलेल्याला बक्षीस काय? तर सोनेरी रंगाचा फासा! त्याने खेळात अधिक काही साधत नाही. तो फक्त दिसायला सोनेरी असतो.

मोजदाद

आता फाशाकडे वळू. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक अंक पडण्याची शक्यता शंभरात पाच. समजा, द्वारपालाची समजूत घालायची आहे आणि त्यासाठी १५ हा आकडा गाठायचा आहे. आपल्या पात्राचे वक्तृत्व ७ असेल तर फाशावर ८ किंवा अधिक पडले पाहिजे. ८ पासून २० पर्यंत तेरा अंक. म्हणजे यशाची शक्यता शंभरात ६५.

याच ठिकाणी खेळाचा एक नियम उपयोगी पडतो. अनुकूल परिस्थिती निर्माण केली, उदाहरणार्थ अंधारात लपून घाव घातला, तर फासा दोनदा टाकून मोठा अंक घेता येतो. अशा वेळी अपयश यायला दोन्ही फासे वाईट पडावे लागतात. एक फासा वाईट पडण्याची शक्यता शंभरात ३५. दोन्ही वाईट पडण्याची शंभरात सुमारे १२. म्हणजे यश ६५ वरून ८८ वर गेले. जेथे निम्मी शक्यता होती तेथे ती ७५ होते. तलवार बदलून जे साधत नाही ते जागा बदलून साधते. नवखा खेळाडू शस्त्रे गोळा करतो आणि जाणता खेळाडू प्रसंग आधी जुळवून आणतो.

दुसरी मोजदाद पाळ्यांची. समजा, समोर चार शत्रू आहेत आणि प्रत्येक जण दोन घावांत पडतो. आपले चौघे एका फेरीत चार घाव घालतात. प्रत्येकाने एकेक शत्रू वाटून घेतला तर पहिल्या फेरीअखेर चारही शत्रू जखमी, पण जिवंत. ते चार घाव परत करतात. चौघांनी मिळून दोनच शत्रूंवर मारा केला तर दोघे पडतात आणि परत येणारे घाव दोनच. दुसऱ्या फेरीत दोन्ही रीतींनी लढाई संपते, पण सोसलेले घाव एकीकडे चार व दुसरीकडे दोन. जखमी शत्रू निरोग्याइतकाच जोरात मारतो, हे विसरून चालत नाही.

तिसरी मोजदाद भूमीची. या खेळातल्या एका गुहेत अजस्र कोळ्यांची माता राहते. तिच्याशी समोरासमोर लढणे नवख्याला महागात पडते. पण ती जाळ्यांच्या पुलांवर उभी असते. ती पुलावर असताना जाळे जाळले तर ती खोल कोसळून अर्धमेली होते. तिची अंडी आधीच नष्ट केली तर तिला मदतीस पिल्ले मिळत नाहीत. ही सारी माहिती डोळ्यांसमोर असते. ती पाहायला थांबावे लागते, एवढेच.

साखळीचे गणित

इतके सारे शिकूनही माझा भाऊ पहिल्या खेपेस हरला. हरला तोही त्याच कोळ्यांच्या गुहेत. जाळे जाळण्याची युक्ती त्याला ठाऊक होती. पण फासा हुकला, नेम चुकला, आणि तिघे पडल्यावरही "आता होईल, पुढच्या घावाला होईल" असे म्हणत तो लढत राहिला. तीस-पस्तीस तासांची कमाई एका संध्याकाळी गेली. त्या रात्री तो जेवला नाही. आईने मलाच बोल लावले, "तू मोठी ना? मग त्याला आवरायचे सोडून वही कसली भरतेस?"

वहीत मी जे मांडले ते असे. समजा, या खेळात मोठ्या लढाया ४० आहेत. आपली तयारी इतकी चांगली, की प्रत्येक लढाई जिंकण्याची शक्यता शंभरात ९५. परीक्षेत एवढे गुण मिळाले तर घरात पेढे वाटतील! पण चाळीसही लढाया एकामागून एक जिंकायच्या म्हणजे ०.९५ ला चाळीस वेळा गुणायचे. उत्तर येते सुमारे ०.१३. म्हणजे असे शंभर खेळाडू निघाले तर तेरा पोहोचतील आणि सत्त्याऐंशी वाटेत राहतील. मानाच्या पातळीची खरी कठीणता येथे आहे. एकेक लढाई तितकीशी अवघड नसते. साखळी अवघड असते, कारण तिची एकही कडी तुटून चालत नाही.

मग उपाय काय? लढाई जिंकण्याची शक्यता ९५ वरून ९९ वर न्यावी, असे प्रथम मनात येते. पण ते दुरापास्त आहे. ऐन वेळी फाशावर एक पडायचा तो पडतोच. येथे दुसरी वाट आहे. हरणे आणि मरणे यांत अंतर ठेवायचे. समजा, बिघडलेल्या पाच लढायांपैकी चारांतून आपण निसटू शकलो. मग सर्वनाशाची शक्यता दर लढाईस पाचावरून एकावर येते आणि ०.९९ चा चाळीस वेळा गुणाकार होतो सुमारे ०.६७. शंभरात तेरा होते, ते सदुसष्ट झाले! लढण्याचे कौशल्य तसूभरही वाढले नाही. वाढले ते फक्त वेळेवर मागे फिरण्याचे.

माघार

खेळात या माघारीची सोय आहे. बहुतेक लढायांत शत्रूंपासून पुरेसे दूर गेलेले पात्र पळ काढून तळावर पोहोचू शकते. तळावर विदर्स नावाचा एक अस्थिपंजर असतो. तो दोनशे सुवर्णमुद्रा घेऊन मेलेल्या साथीदाराला उठवतो. म्हणजे चौघांपैकी एक जरी निसटला तरी चौघेही वाचतात. म्हणून जाणते खेळाडू एकाला लढाईच्या कडेला, वाट मोकळी ठेवून उभा करतात.

हे गणित मी भावाला दाखवले. त्याने मान डोलावली; पण गणित पटणे आणि हात मागे घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या खेपेस तो तिसऱ्या अंकापर्यंत पोहोचला. आषाढातले दिवस होते. बाहेर पाऊस कोसळत होता, मिरकरवाड्याच्या होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या होत्या, आणि कामाविना कंटाळलेले आमचे शेजारी तांडेलकाका चहाच्या निमित्ताने येऊन पडद्याकडे पाहत बसले होते. नगरातील पोलादी पहारेकऱ्यांशी भावाची गाठ पडली होती. हे पहारेकरी पडले की फुटतात. एक फुटला आणि त्यात दोन साथीदार गेले. तिसरा पुढच्या पाळीला गेला. उरली एक तिरंदाज, छपरावर.

भावाचा लॅपटॉप जुना, बॅटरी केव्हाच गेलेली; भिंतीतला प्लग काढला की तो बंद पडतो. तसे केले तर खेळ मागच्या नोंदीपासून पुन्हा सुरू होतो, हे त्याला पावसाळ्यात वीज जाऊन जाऊन कळले होते. त्याचा हात प्लगकडे गेला. आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग त्याने हात मागे घेतला आणि तो धनुष्याकडे वळवला.

"ताई, एकच पहारेकरी उरलाय. दोन बाण लागले की झाले."

"आणि नाही लागले तर?"

तांडेलकाकांना खेळातले काही कळत नव्हते, पण एवढे कळले. ते म्हणाले, "बाळा, वारा फिरलेला दिसतोय ना? मग होडी वळव. मासळी उद्या मिळेल. होडी गेली तर उद्या काय घेऊन जाशील?"

भाऊ म्हणाला, "काका, पळून गेलो तर लोक काय म्हणतील?"

"तांडेल किती मासळी आणतो ते लोक बघतात. घरचे बघतात माणसं किती परत आणतो ते."

भावाने तिरंदाजाला छपरावरून मागच्या गल्लीत उतरवले आणि तळावर पळवले. तीन साथीदारांना उठवायला सहाशे मुद्रा गेल्या. दोन दिवसांनी तो त्याच पहारेकऱ्यांवर दुसऱ्या बाजूने चालून गेला आणि लढाई जिंकला. गणपतीच्या आधी खेळ संपला. सोनेरी फासा पडद्यावर आला तेव्हा घरात फक्त मी जागी होते.

दोन आक्षेप

या लेखावर दोन आक्षेप येतील. पहिला, शंभर-सव्वाशे तास खेळात घालवणे हा वेळेचा अपव्यय नव्हे काय? हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. त्या सत्रात भावाचा एक विषय राहिला, आणि त्याचे खापर मी फाशावर फोडणार नाही. पण त्यातही एक धडा निघाला. त्या पेपरात एका अवघड प्रश्नापाशी तो पाऊण तास अडून बसला होता आणि सोपे दोन प्रश्न कोरे राहिले होते. पुन्हा परीक्षेला बसताना त्याने तो प्रश्न सोडून पुढे जाण्याचे ठरवले व तो उत्तीर्ण झाला. मला वाटते, गुहेत आणि पेपरात त्याची चूक एकच होती.

दुसरा आक्षेप, प्लग काढला असता तर काय बिघडले असते? कोणाला कळले नसते हे खरे. सोनेरी फासाही तोच मिळाला असता. पण प्लग काढणे आणि माघार घेणे या दोन्ही गोष्टी वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांत अंतर आहे. माघारीत झालेले नुकसान आपण कबूल करतो व त्याची किंमत मोजतो. सहाशे मुद्रा गेल्या, त्या गेल्या. प्लग काढणारा ते घडलेच नाही असे म्हणतो. एका फाशाला सोनेरी रंग देणे संगणकाला अवघड नाही. तो रंग खरा की खोटा हे ठरवणारा साक्षीदार मात्र खेळणारा स्वतःच असतो.

उपसंहार

आता पुन्हा नलोपाख्यानाकडे येऊ. नळ का हरला? फासे उलट पडत होते म्हणून, असे आपण म्हणतो. पण फासे उलट पडत असतानाही तो थांबला नाही, हे अधिक खरे. पौरजन दाराशी आले, मंत्री आले, दमयंतीने विनवले. त्याने कोणाकडे पाहिले नाही. आणि अशा वेळी दमयंतीने काय केले? डाव हाताबाहेर गेला हे ओळखून तिने वार्ष्णेय सारथ्याला बोलावले, दोन्ही मुलांना रथात बसवले आणि आपल्या माहेरी, कुंडिनपुराला धाडून दिले. राज्य वाचवणे तिच्या हाती नव्हते. जे वाचवता येण्यासारखे होते ते तिने वेळेवर डावाबाहेर काढले.

अक्षहृदय शिकवले ऋतुपर्णाने आणि ते शिकला नळ, म्हणून त्या दोघांची नावे त्या विद्येशी जोडली गेली. पण त्या कथेत सर्वांत कठीण पातळीवर कोण खेळले असेल तर ती दमयंती, असे मला वहीतील गणित मांडल्यावर वाटू लागले. एक पात्र लढाईच्या कडेला, वाट मोकळी ठेवून उभे करावे, हे तिला कोणी शिकवले नव्हते.

कठीण खेळ, कठीण पेपर, कठीण दिवस सर्वांच्याच वाट्याला येतात. त्यांत जिंकण्याची तयारी तर करावीच. पण निघण्यापूर्वी परतीची वाट एकदा पाहून ठेवावी, आणि वारा फिरला तर होडी वळवण्यात कमीपणा मानू नये, एवढाच या अभ्यासाचा निष्कर्ष.

(तृतीय वर्ष, कला)